बेल्टवरचा कॉम्प्रेसर: दाब चढत नाही, चढला तर टिकत नाही

चाकांत हवा भरायला इंजिनच्या बेल्टवर कॉम्प्रेसर बसवला असेल, तर पुढचं एखादं तरी लक्षण तुमच्या गाडीत दिसत असेल:

- गेजचा काटा 60-70 पीएसआयपर्यंत येतो आणि तिथेच रेंगाळतो.
- टाकी भरते, कॉम्प्रेसर कट होतो. पण रात्री उभी केलेली गाडी सकाळी शून्यावर.
- पहिली दोन चाकं झटपट भरतात, तिसऱ्याला कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारा, विजेवरचा) सुटतो. थोडं थांबलं की परत धरतो.
- क्लच दर दोन-चार सेकंदांनी टक-टक करत लागतो आणि सुटतो.
- क्लच लागला की बेल्ट किंचाळतो.
- गनमधून हवेबरोबर तेल नाहीतर दुधी पाणी येतं.
- स्विच दाबला तरी काहीच होत नाही.

माझ्याकडे अशा ज्या गाड्या येतात त्यांची जोडणी साधारण एकसारखी असते. जुनी थार, मेजर, कमांडर किंवा एमएम 540. इंजिनच्या बेल्टवर मूळचा एसीचा कॉम्प्रेसर, सँडेन 508 किंवा त्याच घडणीचा पाच पिस्टनचा. पुढे होज, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व (यापुढे एनआरव्ही), मग आठ-दहा लिटरची टाकी, बहुधा ट्रकच्या एअर ब्रेकची. टाकीवर प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व, गेज, खाली पाणी काढायचा कॉक आणि शेवटी हवा भरायची गन. ही सगळी जोडणी वेगळी, फक्त हवेची असते. केबिन गार करणारा चालू एसीचा कॉम्प्रेसर यात ओढू नका.

दाब मिळेनासा झाला की बहुतेक जण पहिला वार कॉम्प्रेसरवर करतात. दुसरा जुना नग आणतात, दोन हजार-चार हजार घालवतात, आणि दुखणं जिथल्या तिथे. दुखणं हल्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. कॉम्प्रेसर स्वतः बिघडलेला फार क्वचित निघतो. बिघाड असतो तो बसवताना आजूबाजूला जे केलं त्यात. म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढंच ठरवा: हवा तयारच होत नाही, की तयार होऊन पळते?

आधी दोन मोजण्या

पहिली मोजणी चढण्याची. टाकी पूर्ण रिकामी करा, इंजिन 1500 आरपीएमच्या आसपास धरायला कुणाला तरी बसवा, स्विच दाबा आणि मोबाइलवर वेळ लावा. 508 एका फेऱ्यात 138 सीसी हवा ओढतो. पुलीच्या मापामुळे कॉम्प्रेसर 2000 नी फिरत असेल तर कागदावर मिनिटाला 276 लिटर होतात. दाबाविरुद्ध काम करताना त्यातले साठ-पासष्ट टक्के पदरात पडतात, म्हणजे 170-180 लिटर. दहा लिटरची टाकी 120 पीएसआयला न्यायला साधारण ऐंशी लिटर हवा लागते. तेव्हा अर्ध्या ते पाऊण मिनिटात काटा वर गेला पाहिजे. दोन मिनिटं लागत असतील तर काहीतरी नक्की चुकतंय.

दुसरी मोजणी टिकण्याची. कॉम्प्रेसर कट झाला की इंजिन बंद करा आणि टाकी हाताला गार लागेपर्यंत थांबा. हे थांबणं महत्त्वाचं, कारण ताजी दाबलेली हवा गरम असते आणि ती निवताना काटा आपसूक उतरतो. त्याला गळती समजून लोक नाहक सगळे जॉइंट उघडत बसतात. टाकी गार झाल्यावर गेजचा फोटो काढा, तासाभराने दुसरा काढा. दोन-तीन पीएसआयचा फरक सोडून द्या. दहाच्या वर असेल तर गळती आहे.

चढायला वेळ लागतो पण टिकतं: फिल्टर, बेल्ट, क्लच, करंट, रीड (कॉम्प्रेसरच्या आतल्या व्हॉल्वच्या पातळ पट्ट्या) यांच्याकडे बघा. झटपट चढतं पण टिकत नाही: जॉइंट आणि एनआरव्ही. दोन्ही बिघडलेलं असेल तर गळती आधी, कारण ती काढल्याशिवाय पहिल्या मोजणीला अर्थ नाही.

हात घालण्यापूर्वी एक अट. कुठलाही जॉइंट सैल करण्याआधी कॉक उघडून गेज शून्यावर आणा. 120 पीएसआयखाली सुटलेलं फिटिंग डोळा घालवू शकतं. चालू इंजिनवर वाकताना गळ्यातली ओढणी, पंचा, ओळखपत्राची दोरी काढून ठेवा.

फुकटातलं

टाकीखालचा कॉक. चिखलातून आल्यावर त्याच्या तोंडात रेती अडकते आणि तो बंद दिसतो पण बंद नसतो. दोनदा पूर्ण उघडून हवा सोडा, मग बंद करा. निम्म्या वेळा इथेच काम संपतं.

गन आणि कपलिंग काढून टिकण्याची मोजणी पुन्हा करा. कपलिंगमधला रबरी वॉशर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी झिजणारा भाग.

कॉम्प्रेसरचा एअर फिल्टर उघडून बघा. कोकणातली तांबडी माती ओली असताना त्यावर बसली की वाळून तिचा पापुद्रा होतो आणि हवा आत जाणंच थांबतं. फिल्टर काढून चढण्याची मोजणी एकदा घ्या, तीसुद्धा धूळ नसलेल्या जागी. वेळ निम्म्यावर आला तर उत्तर मिळालं. पावसाळ्यात पाणी ओलांडणाऱ्या गाडीचा हा फिल्टर खाली, चाकाच्या बाजूला बसवलेला असेल तर वर, इंजिनच्या मुख्य एअर क्लीनरच्या उंचीला न्या. पाण्याचा एक घोट आत गेला तरी पिस्टन पाणी दाबू शकत नाहीत, रीड तुटतात.

आता हाताची परीक्षा, आणि ही अजिबात चुकवू नका. टाकी भरलेली, इंजिन बंद. फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवा ओढायच्या तोंडावर तळहात ठेवा. हवा तळहाताला ढकलत असेल तर टाकीतली हवा उलटी येऊन कॉम्प्रेसरमधून बाहेर पडतेय. म्हणजे एनआरव्ही गेला. शिवाय आतल्या रीडही नीट बसत नाहीत, नाहीतर हवा इथवर पोचलीच नसती.

साबणाचं पाणी

भांड्याचा साबण, थोडं पाणी, जुना रंगाचा ब्रश. फवाऱ्यापेक्षा ब्रश बरा, कारण बारीक गळतीचा बुडबुडा फुगायला वेळ लागतो आणि जाड फेस तिथे टिकतो. प्रत्येक जॉइंटवर लावून मनात तीसपर्यंत मोजा. गेजची मागची बाजू, सेफ्टी व्हॉल्वचं तोंड आणि प्रेशर स्विचमध्ये वायर शिरते ती जागा लोक हमखास विसरतात. स्विचचा आतला पडदा फाटला की हवा वायरच्या बाजूनेच निघते.

जॉइंटमधून बुडबुडे आले तर लगेच टेफ्लॉन टेपचं बंडल काढू नका. आधी दोन्ही आटे एकाच जातीचे आहेत का ते बघा. आपल्या बाजारात फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांचं मिळतं. बाहेरून मागवलेला प्रेशर स्विच, मॅनिफोल्ड किंवा टाकी अमेरिकन असेल तर आटे तिकडच्या मापाचे, एनपीटी. पाव इंचाच्या बीएसपीला इंचात 19 आटे, एनपीटीला 18. दोन-तीन फेरे सहज बसतात, मग घट्ट होतं, आणि वाटतं की छान आवळलं गेलं. प्रत्यक्षात दोनच आटे एकमेकांत रुतलेले असतात. पाऊण आणि अर्ध्या इंचाला तर दोन्हीकडे 14 आटे, त्यामुळे पूर्ण बसतं. पण आट्याचा कोन एकाचा 55 अंश आणि दुसऱ्याचा 60, त्यामुळे कडेने वाट राहतेच. अशा जॉइंटवर कितीही टेप गुंडाळा, घरी टिकेल आणि खडकाळ वाटेवर तासाभरात सुटेल.

एका मेजरच्या टाकीवर असाच जॉइंट बघितला. पितळेच्या फिटिंगभोवती टेपची एवढी जाड गुंडाळी की आटे दिसतच नव्हते. टेप नखाने सोलून काढली तर टाकीकडचे पहिले दोन आटे चकचकीत घासलेले आणि बाकीचे जसे दुकानातून आले तसे, कोरे. दुकानातून बीएसपी-एनपीटी अडॅप्टर आणला, थोडी टेप लावली, काम झालं. कुठला आटा आहे कळत नसेल तर फिटिंग काढून न्या आणि हायड्रॉलिक होजच्या दुकानात आट्याच्या गेजने मोजून घ्या. भोसरी, सातपूर, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीत अशी दुकानं आहेत.

करंट: दहा रुपयांचा बिघाड

इंजिन बंद, फक्त चावी चालू. स्विच दाबल्यावर क्लचचा स्पष्ट टक्‌ आवाज यायला हवा. टाकी मात्र रिकामी असू द्या, नाहीतर प्रेशर स्विच स्वतःच करंट तोडून बसलेला असेल.

आवाज नाही? फ्यूज बघा. मग रिले बदलून बघा; हॉर्नचा रिले बहुधा त्याच बांध्याचा असतो. मग प्रेशर स्विचच्या दोन वायरी क्षणभर एकत्र टेकवा. टक्‌ आला तर स्विच गेला. ही टेकवाटेकवी इंजिन बंद असतानाच. स्विच बायपास करून इंजिन चालवलं तर टाकी फुटण्यापासून तुम्हाला वाचवणारा एकटा सेफ्टी व्हॉल्व उरतो, आणि तो शेवटचा कधी तपासला होता ते आठवून बघा.

आवाज येतो पण क्लच मरगळल्यासारखा लागतो, तर मल्टिमीटर घ्या. बॅटरीवर 12.5 व्होल्ट असतील तर क्लचच्या वायरवरही जेमतेम अर्धा व्होल्ट कमी असावा. त्याहून कमी दिसले की आधी अर्थवर (अर्थिंगवर) संशय घ्या. क्लचच्या कॉइलचा अर्थ कॉम्प्रेसरच्या अंगातून ब्रॅकेटला आणि तिथून इंजिनला जातो. हौसेने पावडर कोटिंग केलेला ब्रॅकेट दिसायला झकास, पण तो रंग करंट अडवतो. बोल्टच्या दातांमधून थोडाफार जातो, तोही गंज चढेपर्यंत. कॉम्प्रेसरच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जाड वायर टाका.

कॉइल साधारण 4 अँपिअर खाते. हा करंट थेट प्रेशर स्विचमधून नेला असेल तर स्विचचे पॉइंट जळतात, कारण कॉइल बंद होताना उलटा झटका मारते. स्विचने रिले चालवावा, रिलेने क्लच, आणि कॉइलवर उलट्या दिशेने एक डायोड. डायोड नसेल तर नवा स्विचही थोड्या दिवसांत तसाच जाईल.

क्लचची सततची टक-टक हे बऱ्याचदा स्विचच्या जागेचं दुखणं असतं. स्विच एनआरव्हीच्या अलीकडे, कॉम्प्रेसरच्या बाजूला लावला असेल तर क्लच सुटला की त्या छोट्याशा होजमधला दाब क्षणात उतरतो आणि स्विच परत चालू होतो. टाकीत दाब पुरेसा असतो, पण त्याला दिसत नाही. स्विच टाकीवर हलवा.

बेल्ट

थोडक्यात सांगतो. इंजिन बंद असताना दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण 10-12 मिलिमीटर लवला पाहिजे. त्याहून सैल असेल तर ताणा, पण बेल्ट वीणेच्या तारेसारखा ताणलात तर वॉटर पंपाचं बेअरिंग जाईल. मग पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी धरा. दीड-दोन मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर बेल्ट ताणून किंचाळणं थांबणार नाही. ब्रॅकेटखाली वॉशर घालून पुली रांगेत आणावी लागेल. बेल्टची एकच कड चकाकत असेल तर ती हीच खूण. बेल्टवर साबण, मेण किंवा स्प्रे मारू नका. आवाज दोन दिवस जातो आणि बेल्ट जास्त घसरतो.

होज आणि एनआरव्ही: इथे खरा वेळ द्या

आठ बारपर्यंत, म्हणजे साधारण 120 पीएसआयपर्यंत, एकाच टप्प्यात दाबलेली हवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी सहज दीडशे अंशांच्या पुढे जाते. न्यूमॅटिकच्या दुकानात मिळणारी ती निळी पीयू (पॉलियुरेथेन) नळी साठेक अंशांपर्यंतची. कॉम्प्रेसरला थेट तीच लावली की पहिल्या चाकाला चालते, दुसऱ्याला मऊ पडते, तिसऱ्याला पुश फिटिंगमधून सटकते. रबराच्या एनआरव्हीचंही तेच. तो कॉम्प्रेसरच्या हेडवरच बसवला असेल तर आतलं सील भाजून कडक होतं. त्यात कॉम्प्रेसरमधून आलेलं तेल उष्णतेने जळून काजळी धरते, आणि व्हॉल्व ना पूर्ण उघडतो ना पूर्ण मिटतो. म्हणूनच चढायला वेळ आणि टिकायला नाही, ही दोन्ही लक्षणं एकदम दिसतात.

उपाय अंतराचा आहे. कॉम्प्रेसरपासून पहिला मीटरभर टेफ्लॉनची, वरून स्टीलच्या जाळीची होज किंवा तांब्याची नळी. तांब्याची असेल तर इंजिनच्या हादऱ्यासाठी मध्ये एक वेटोळं. एनआरव्ही त्यानंतर, टाकीजवळ, आणि शक्यतो धातूच्या सीटचा. पीयू नळी टाकीनंतर खुशाल वापरा; तिथवर हवा निवलेली असते.

जुना एनआरव्ही उघडला तर आत बघा. काळा चिकट थर असेल तर तेल जास्त जातंय. ठिसूळ रबर असेल तर व्हॉल्व फार जवळ बसवलाय. फक्त नवा व्हॉल्व टाकून कारण तसंच ठेवलं तर पुढच्या सीझनला हेच काम परत.

थंडीत धरतो, तापल्यावर सोडतो

फ्यूज, अर्थ, व्होल्टेज सगळं ठीक आहे आणि तरी तिसऱ्या चाकाला क्लच सुटतो, तर क्लचची फट मोजा. तांबं तापलं की कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो आणि लोहचुंबकाची ओढ घटते. फट योग्य असेल तर तेवढी ओढ पुरते. घासून फट वाढली असेल तर गार असताना क्लच धरतो, तापल्यावर प्लेट ओढली जात नाही. पुली आणि पुढची प्लेट यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, तीन जागी. 0.4 ते 0.8 मिलिमीटर हवं. जास्त असेल तर मधला बोल्ट खोलून प्लेटमागचा एखादा बारीक शिम (पातळ चकती) काढायचा. प्लेट निळसर पडली असेल, जळका वास येत असेल किंवा तीन जागी तीन मापं येत असतील, तर शिम काढून भागणार नाही.

तेल आणि पाणी

यॉर्कसारख्या जुन्या कॉम्प्रेसरला स्वतःचं तेलाचं चेंबर असतं. 508 च्या जातीत तसं नाही. एसीत असताना गॅसबरोबर तेल फिरून परत येतं. हवेवर ते जातं ते जातंच. म्हणून ओढायच्या बाजूला थेंब-थेंब तेल सोडणारा ऑइलर आणि टाकीआधी तेल-पाणी वेगळं करणारा फिल्टर, ही जोडी लागते. गनमधून तेल फवारत असेल तर ऑइलरचा थेंब कमी करा. अजिबातच तेल दिसत नसेल आणि कॉम्प्रेसरचं अंग हात लावू देत नसेल तर ती जास्त काळजीची गोष्ट. एसीचं पीएजी तेल हवेतला ओलावा शोषतं, ते यात नको. कॉम्प्रेसरचं साधं खनिज तेल घ्या.

दुधी पाण्याला घाबरू नका. 30 अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरला तीसेक ग्रॅम पाणी असतं. जुलैत माळशेजला चारही चाकं भरली की त्यातलं थोडं टाकीत साचणारच. दर वापरानंतर कॉक उघडा. साचलेलं पाणी टाकीची जागा खातं आणि तळ आतून गंजवतं.

इथे थांबा

एवढं सगळं ठीक असून चढायला अजूनही वेळ लागत असेल तर रीड किंवा हेडचं गॅस्केट. हे काम एसीच्या मिस्त्रीचं; त्याच्याकडे गॅस्केट असतं आणि बोल्ट किती आवळायचे ते त्याला माहीत असतं. आतून धातूचा खडखडाट येत असेल तर त्याआधीच कॉम्प्रेसर बंद करा. सगळं एकाच बेल्टवर असेल आणि कॉम्प्रेसर जॅम झाला, तर बेल्ट तुटून वॉटर पंप आणि डायनामोही थांबतील.

ब्रॅकेटला केसाएवढी जरी चीर दिसली तरी गाडीवरच वेल्डिंग मारू नका. डिझेल इंजिनच्या हादऱ्याने ती शेजारी पुन्हा उघडते. ब्रॅकेट उतरवून फॅब्रिकेटरकडे न्या आणि तिसरा आधार देऊन त्रिकोणात बांधून घ्या.

टाकीच्या जोडावर बुडबुडे आले, तळाला फुगीर पोपडे दिसले, तर ती टाकी संपली. तिला वेल्डिंग, एमसील, काही नाही. जुना गॅस सिलिंडर किंवा अग्निशामक नळकांडं टाकी म्हणून लावलेलं असेल तर ते आजच काढा. सेफ्टी व्हॉल्व पुन्हापुन्हा उडत असेल तर त्याला बूच मारू नका, स्विच कट का होत नाही ते शोधा. या बाजूसाठी कारच्या गॅरेजपेक्षा ट्रकच्या एअर ब्रेकचा मिस्त्री बरा. टाक्या, एनआरव्ही, कट-ऑफ हे त्याचं रोजचं काम आहे, आणि हायवेवरच्या कुठल्याही ट्रक टर्मिनलला तो सापडतो.

आणि तुमचा कॉम्प्रेसर अजून एखाद्या गाडीच्या एसीत गॅससकट बसलेला असेल, तर तो पाईप खोलून गॅस हवेत सोडू नका. एसीवाल्याकडून मशीनने गॅस काढून घ्या, मगच नग उतरवा.